फक्कीच्या गाडीची वाकडी रेषा

मित्रांनो, मी एक जुनी फक्कीची गाडी आहे. गाडी म्हटल्यावर शारजाच्या रोल्ला भागात सिग्नलला हॉर्न वाजवणारी गाडी डोळ्यांसमोर आणू नका. मला इंजिन नाही की सीट नाही. चार छोटी चाकं, पत्र्याचं पोट आणि ढकलायला एक लांब दांडा, एवढाच माझा संसार. पोटात चुन्याची भुकटी, म्हणजे फक्की, भरायची आणि मला मैदानावर ढकलत न्यायचं. तळाच्या फटीतून फक्की पडते आणि मागे पांढरी रेषा उमटते. आज खूप दिवसांनी माझं अंग स्वच्छ पुसलेलं आहे आणि मनही हलकं आहे, म्हणून म्हटलं तुमच्याशी बोलावं.

माझा जन्म शारजातल्या एका वेल्डिंगच्या वर्कशॉपात झाला. मोहिद्दीनभाईंनी पत्र्याची जुनी टाकी कापून मला घडवलं. घडवून घेणारे होते जेरार्ड रुमाव. ते मूळचे वसईचे. इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती. मोहिद्दीनभाई मला जेरार्डच्या हाती देताना म्हणाले, "ले जाओ हबीबी, लाइन एकदम सीधा आएगा." त्यांचा शब्द मी खाली पडू दिला नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. मैदान मातीचं होतं आणि वारा सुटला की रेषा पुसल्या जायच्या, त्यामुळे मला रोज मान होता. जेरार्ड दोरी ताणायचे, मी तिच्या कडेने चालायचे. मग ते एक डोळा मिटून रेषेकडे बघायचे आणि म्हणायचे, "बस, हिच्यात खोट काढून दाखवा." मला माझ्या सरळपणाची घमेंड होती, खोटं कशाला बोलू! सुट्टीच्या दिवशी त्यांची छोटी लेक लॅरिसा बरोबर यायची. ती कधीही रेषेवर पाय देत नसे. रेष आली की थांबायची आणि बाबांनी "ये" म्हटल्यावरच टुणकन उडी मारून पलीकडे जायची.

पुढे मैदानावर हिरवंगार कृत्रिम गवत आलं, आणि त्यात रेषा विणूनच आल्या! आता फक्की कोणाला हवी? "खलास, भंगारात द्या," असं ऑफिसातून सांगणं आलं. जेरार्डने मला दिलं नाही. स्टँडखालच्या खोलीत फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेले चेंडू होते, त्यांच्यात मला उभं केलं. मात्र माझं पोट रिकामं करायचं राहून गेलं. आत उरलेली फक्की हळूहळू दगड झाली आणि एक चाक गंजून अडकलं. त्या अंधारात मी किती वेळा मनातल्या मनात रेषा आखल्या असतील, काय सांगू!

माझ्या डोक्यावरच विद्यार्थ्यांचं स्टँड होतं. सामना असला की वर पावलं वाजायची, पण ती अगदी मोजकी असायची. तिकिटाबरोबर कॅन्टीनच्या शावर्माचं कुपन मिळायचं. मुलं तिकीट घ्यायची, शावर्मा खायची आणि सामन्याकडे पाठ फिरवायची. एकदा खोलीच्या दाराशी तिकिटांचं काम बघणाऱ्या करेन मॅडम जेरार्डला म्हणाल्या, "फायनलला स्टँड फुल दिसायला पाहिजे. सीट्सच्या डबल तिकिटं विकूया. नाहीतरी अर्धेअधिक येतात कुठे?"

"आणि सगळे आले तर, मॅडम?"

"इन्शाल्ला, कोणी येणार नाही!" मॅडम हसल्या. जेरार्डही हसले.

आणि मित्रांनो, सगळे आले. झालं असं, की आदल्या दिवशी युनिव्हर्सिटीने मुलांना कळवलं, फायनलला येईल त्याला बुडालेल्या लेक्चरची हजेरी मिळेल. मॅडमना किंवा जेरार्डना हे सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ज्यांची हजेरी कमी, त्यांना तर लॉटरीच लागली! त्या दुपारी माझ्या डोक्यावर पावलं वाजायला लागली, ती थांबेचनात. छतावरची धूळ माझ्या अंगावर पडत राहिली. वर पाय ठेवायला जागा उरली नाही आणि बाहेर गेटवर अजून तेवढीच मुलं उभी होती. सगळ्यांच्या हातात तिकिटं होती, आणि मागची मुलं पुढच्यांना ढकलत होती.

खोलीचं दार धाडकन उघडलं. जेरार्ड लोखंडी अडथळे शोधायला आले होते, मागे सिक्युरिटीचा अर्सलान होता. अडथळे निघाले दोनच. तेवढ्यात जेरार्डचा फोन वाजला. लॅरिसा आता त्याच युनिव्हर्सिटीत शिकत होती. स्पीकरवर तिचा कापरा आवाज आला, "डॅड, आय ॲम स्टक ॲट द गेट! दे आर पुशिंग फ्रॉम बिहाइंड. आय कान्ट मूव्ह!"

जेरार्डच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, "अर्सलान, गोल के पीछे मिट्टी वाला ग्राउंड खाली है. बाजू का बडा गेट खोलो."

"सर, खोला तो सब पिच पे घुस जाएंगे. ॲम्ब्युलन्स का रास्ता भी बंद. मॅच खलास!"

जेरार्ड खोलीत इकडेतिकडे शोधू लागले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "अरे, हमारे गांव की टुर्नामेंट में स्टँड किधर था? पूरा गांव फक्की के पीछे बैठता था. यल्ला, इसको बाहर निकालो!"

कोपऱ्यातली जुनी गोणी फोडून त्यांनी माझं पोट भरलं आणि मला गोलमागच्या मातीवर, उन्हात ढकललं. मी कण्हत कण्हत निघाले. थोडी रेषा उमटली आणि फट बंद झाली. पोटातला तो जुना दगड आडवा आला होता. गेटकडून किंचाळ्या ऐकू येत होत्या. मला वाटलं, आयुष्यभर सरळपणाची फुशारकी मारली आणि नेमकी आजच मी मान टाकणार! जेरार्डने बुटाने मला दणादण लाथा घातल्या. इतक्या प्रेमाच्या लाथा मी कधी खाल्ल्या नव्हत्या. दगड फुटला, फक्की पडायला लागली. अडकलेलं चाक मला एका बाजूला ओढत होतं, दोरीही नव्हती. अशी वाकडीतिकडी रेषा मी जन्मात आखली नव्हती. पण ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि तिच्यापुढे ॲम्ब्युलन्सची वाट मोकळी राहिली.

अर्सलानने गर्दीला लागूनच असलेलं मोठं गेट उघडलं. मुलं धावत सुटली. सगळ्यांत पुढे लॅरिसा होती, केस विस्कटलेले, एक चप्पल गायब. समोर हिरवं मैदान होतं आणि अडवायला कोणी नव्हतं. ती रेषेपाशी आली आणि थांबली. लहानपणी थांबायची तश्शी! मग फक्कीच्या मागे मांडी घालून बसली आणि ओरडली, "सिट, गाइज! बिहाइंड द लाइन!" तिच्या शेजारी एक जण बसला, मग दहा जण, मग सगळेच. गेटवरची गर्दी ओसरली. कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. जेरार्डचा जीव भांड्यात पडला. माझा दांडा धरून ते तिथेच उभे राहिले आणि रडले. आमची टीम हरली, ते सांगायचं राहिलंच. पण रेष कोणीही ओलांडली नाही.

सामन्यानंतर करेन मॅडम आल्या. "माझं चुकलं, जेरार्ड. यापुढे सीट्स तेवढीच तिकिटं."

"दोघांचं चुकलं, मॅडम. आपण मुलांना बोलावलं आणि ती येणार नाहीत असं धरून चाललो."

घरी जायच्या आधी लॅरिसाने आणि जेरार्डने मिळून माझं पोट खरवडून रिकामं केलं, चाकाला तेल घातलं आणि मला पुसून ठेवलं. लॅरिसा बाबांसारखाच एक डोळा मिटून माझ्या रेषेकडे बघत होती. "डॅड, इट्स सो क्रुकेड!" जेरार्ड म्हणाले, "असू दे गो बाय, हिच्यात खोट नाही."

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. वापरून झालेली वस्तू उद्या लागणार नाही असं समजून तशीच कोपऱ्यात ढकलू नका. तिचं पोट रिकामं करा, चाकाला तेल घाला. आणि कोणाला बोलावलंत तर त्याच्यासाठी जागा ठेवा. काय सांगावं, खरंच सगळे येतील.