साक्षीदार क्रमांक चार

अकरा वाजून बारा मिनिटं. सरकारी वकिलांचा प्रश्न विचारून झाला होता. साक्षीच्या कठड्यावर एक खिळा वर आलेला, त्याचं डोकं चकचकीत झालेलं... किती जणांनी उत्तर शोधताना त्यावर बोट घासलं असेल, याचा शरयूताई अंदाज घेत होत्या.

"हाजिर अदालत मुल्जिम को पहचानती हैं?"

कोर्टात हजर असलेल्या या आरोपीला ओळखतात? दोन वर्षांपूर्वी नया बाजारात जीपनं त्यांच्या यजमानांना, गोपाळकृष्णांना उडवलं, ते जागीच गेले, तेव्हा स्टिअरिंगमागून हाच उतरला होता. रस्त्यावर पडलेला त्यांचा चष्मा त्यानं उचलला, शर्टाला पुसला, शरयूताईंच्या हातात ठेवला — आणि पळाला. का पुसला असेल? हे काही त्याला विचारणं झालं नाही. जामिनावर सुटल्यापासून तो दर महिन्याला दारात येऊन उभा राहायचा. पाच महिने त्यांनी दार उघडलं नाही. सहाव्यात पाणी दिलं. आणि मागच्या दिवाळीनंतर, मेथी निवडता निवडता, काहीही न ठरवता, म्हणाल्या, "समरजीत, मी माफ केलं तुला." तो उंबऱ्याशीच बसला.

तेच कोर्टात सांगावं म्हणून त्या त्याच्या वकिलाकडे, राजवर्धनकडे गेल्या. तो हसला, पण मऊपणानं.

"काकू, केस तुमची नाहीच ना. शासन विरुद्ध समरजीत आहे. या कलमात राजीनामा, म्हणजे आपसात तडजोड, होत नाही. माफ करायचंय, तर बस, पहचानू नका."

शासन. समन्स त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. त्या त्यात फक्त साक्षीदार क्रमांक चार. त्या संध्याकाळी नया बाजारात हे शासन कुठे उभं होतं, कुणास ठाऊक.

पहिल्या तिघा साक्षीदारांनी आधीच हात झटकले होते. आता यांनी नाही म्हटलं की तो सुटणार. हो म्हटलं तर तुरुंग. सकाळी टेंपोत बसल्या बसल्या त्यांनी 'नहीं' घोकून पाहिलं होतं, सोपं वाटलं होतं. पण मी याला पाहिलंच नसेल... तर माफ कुणाला केलं? आणि चष्मा कुणी पुसला?

समरजीतनं मान वर केली. त्याच्या नजरेत विनवणी असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. ती नव्हती. ही काय म्हणते, एवढंच जाणून घ्यायचं असल्यासारखा तो पाहत होता — त्यांच्याइतकाच उत्सुक.

अकरा वाजून चौदा मिनिटांनी टायपिस्टच्या पडद्यावर 'गवाह ने कहा कि' एवढंच उमटलेलं होतं.