आत्याची साइट सुरक्षित नाही

बंद पडलेल्या लिफ्टच्या दारावर सकाळी सकाळी नवी सूचना झळकली. ती आपल्याबद्दलच असणार हे आत्याला न वाचताच कळलं, कारण वाचणारे तिच्याकडे बघून उगाच खोकायला लागले होते.

आत्या म्हणजे अख्ख्या इमारतीची आत्या. धंदा ड्रायव्हिंग स्कूलचा, त्यामुळे घसा दणदणीत आणि भीती कधीच मेलेली. सूचना लिहिणारे इमारतीचे सेक्रेटरी. पायपुसणी कुठं झटकायची इथपासून सगळ्यावर सूचना काढायची त्यांना खोड, म्हणून आत्यानंच त्यांचं नाव 'सूचनाराव' पाडलेलं.

इमारतीच्या तक्रारी आणि सह्यांसाठी आत्यानं स्वतः एक वेबसाइट काढली होती. सूचनेत त्या साइटचा फोटो चिकटवला होता. वर लाल त्रिकोण, खाली मजकूर: 'ही साइट सुरक्षित नाही, तुमची माहिती चोरीला जाऊ शकते.' आणि त्याखाली सूचनारावांची फोडणी: 'रहिवाशांनी सह्या करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.'

सह्या हाच तर सगळा मामला होता. लिफ्ट चालायची कमी, बंद जास्त. आणि तिच्या दुरुस्तीचं कंत्राट सूचनारावांच्या साडूकडे. संध्याकाळच्या सभेआधी निम्म्याहून जास्त घरांनी आत्याच्या साइटवर सह्या केल्या, की साडूचा पत्ता कट. थोडीच घरं कमी पडत होती. सहाव्या मजल्यावरचे बँडमास्तर खुब्याच्या ऑपरेशनपासून घरात अडकलेले. रोज खिडकीतून ओरडायचे, "आत्या, मी खाली कधी येतो गं?"

"काय आत्या," सूचनाराव मागून आलेच, "सर्टिफिकेट संपलं वाटतं साइटचं? असू द्या. इमारतीच्या साइटला चांगलं विकतचं सर्टिफिकेट आहे. सह्या तिकडं घेऊ. सुरक्षित!"

"तुमच्याकडं सह्या? मांजराला दुधाची राखण!" आत्या म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या चढत घरी गेली.

घरी नवऱ्यानं साइट उघडूनच ठेवली होती. "अगं, एवढं काय त्यात? लोकांना सांग, 'तरीही पुढे जा' दाबा. मी दाबलं, दिसलं सगळं."

"वा रे वा! आज माझ्या सांगण्यावरून लाल पाटीवर पुढे जातील, उद्या बँकेच्या नावानं कुणी खोटी साइट काढली की तिथंही पुढे जातील. सिग्नल तोडायला शिकवत नाही मी. पोट चालतं त्याच्यावर."

साइटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट संपलं, की उघडणाऱ्याला तो लाल त्रिकोण दिसतो. तिच्या साइटला ते फुकट मिळायचं. थोड्या महिन्यांचंच असायचं, पण साइटवरचा एक प्रोग्राम ते आपलं आपण नवं करून आणायचा. आजवर कधी चुकला नाही. मग आत्ताच काय माशी शिंकली? आत्यानं साइटवर कोण आलं, कोण गेलं याची नोंद उघडली.

सर्टिफिकेट देणाऱ्यांची पद्धत साधी. ते सांगतात, तुमच्या साइटवर अमुक कोपऱ्यात आम्ही दिलेली चिठ्ठी ठेवा. मग त्यांचा तपासनीस, म्हणजे तिकडचा प्रोग्राम, तो कोपरा बघायला येतो. चिठ्ठी दिसली की साइट तुमच्या हातात आहे हे सिद्ध. ना ओळख, ना वशिला.

चिठ्ठी जागेवर होती. तपासनीसही आला होता. एकदा नाही, चांगला पुन्हा पुन्हा आला होता. आणि दर वेळी त्याला दिसला होता भर सभेत तोंड उघडं टाकून झोपलेल्या सूचनारावांचा फोटो.

आत्या हसत सुटली. हसता हसता ठसका लागला तसा नवरा पाणी घेऊन धावला.

ही करामत तिचीच. तक्रारी कुणी कुणी केल्यात हे हुडकायला सूचनाराव साइटवरच्या लपलेल्या पानांचे भलतेसलते पत्ते टाइप करून बघायचे. म्हणून मागचं सर्टिफिकेट आल्यानंतर तिनं साइटवर नियमच लावला होता: लोकांच्या नेहमीच्या पानांखेरीज कुणी काहीही मागो, त्याच्या तोंडावर हा फोटो. बिचारा तपासनीस! आला पाहुणा म्हणून, आणि चोराबरोबर तोही झोडपला गेला.

"मग काढून टाक तो फोटो," नवरा म्हणाला.

"का म्हणून? डोकावणारा अजून डोकावतोय." तिनं नियमात एकच ओळ वाढवली: तपासनिसाच्या कोपऱ्यात जाणाऱ्याला वाट द्या, बाकीच्यांना फोटो. मग नव्या सर्टिफिकेटची मागणी पुन्हा धाडली. चहा गाळून होईपर्यंत लाल त्रिकोण गायब.

खाली जाऊन तिनं सूचना फाडली नाही. जाड पेनानं तिच्यावरच लिहिलं: 'सकाळी सुरक्षित नव्हती. आता आहे. उघडून बघा.' लोकांनी तिथंच मोबाइल काढले.

"फुकटचं सर्टिफिकेट आहे हे!" सूचनाराव कडाडले. "असलं तर चोरालाही मिळतं!"

सगळे आत्याकडं बघायला लागले.

"मिळतं की," आत्या म्हणाली. "त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही या साइटवर लिहिलेलं वाटेत कुणी वाचत नाही, कुणी बदलत नाही. आत्या चोर आहे की साव, ते त्यात लिहिलेलं नसतं. ते या माणसांना विचारा. विचारा ना!"

तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानवाल्या काकू आजवर कुणाच्याच बाजूनं नव्हत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि सेक्रेटरीसाहेब, तुमच्या विकतच्या सर्टिफिकेटात साडू कुणाचा ते लिहिलेलं असतं का हो?"

एकच हशा पिकला. काकूंनी सही ठोकली. मागोमाग बाकीच्यांनी.

संध्याकाळी सभेत सूचनारावांनी शेवटचा डाव टाकला. "मोबाइलवरच्या सह्या ग्राह्य नाहीत. हजर असतील त्यांचेच हात मोजू."

"मान्य," आत्या उठली. "पण एक सभासद लिफ्टवाचून वर अडकलाय. तो येऊ शकत नाही, तर सभा त्याच्याकडं जाईल. चला!"

कुणी गुडघे धरून, कुणी कठडा धरून, अख्खी सभा जिना चढायला लागली. चौथ्या मजल्यावर सूचनाराव भिंतीला टेकले.

"गिअर बदला, साहेब, चढ आहे!" आत्या वरून ओरडली.

बँडमास्तर दारात खुर्ची टाकून बसले होते. प्रश्न विचारायच्या आधीच त्यांचा हात वर. मग जिनाभर हातच हात. सूचनाराव कसेबसे पोचले. हात वर केलेलेही ग्राह्य नाहीत, असं काहीतरी त्यांना म्हणायचं असावं; पण दमच उरला नव्हता.

"बसा जरा, घोटभर पाणी प्या," आत्या म्हणाली, आणि मोजायला लागली.