उभी राहिलेली पाटी

आमच्या बैठकीत बोलायचं असेल तर हात वर करत नाहीत. प्रत्येकाच्या समोर आपल्या देशाच्या नावाची लांबट पाटी आडवी ठेवलेली असते, ती उभी करायची. मग अध्यक्षबाई नाव पुकारतात, माणूस बोलतो आणि पाटी परत आडवी करतो. सत्तेचाळीस देश, सत्तेचाळीस पाट्या. सात वर्षं आमचं हेच चाललं होतं.

विषय म्हणाल तर एवढासा. फोन कोणत्याही कंपनीचा असो, कानातलं मशीन कोणत्याही कंपनीचं असो, दोघांची गाठ पडली की मशीनने किंचाळू नये. त्यासाठी सगळ्या देशांनी पाळायचा बारा पानांचा नियम. तो लिहून काढायचं काम माझ्याकडे. पाचव्या पानावरच्या एका स्वल्पविरामापायी दोन मोठे देश अकरा महिने एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांच्या प्रतिनिधींपैकी एक जण जाड मिशांचा, दुसरा सहा फुटी. त्यांच्यामध्ये बसणाऱ्या बाईंनी शेवटी जागा बदलून घेतली.

मला घाई होती ती आईमुळे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. फोन कानाला लावला की तिच्या मशीनमध्ये भुंगा शिरतो. त्यामुळे आमचा फोन एकतर्फी. ती बोलणार, मी ऐकणार, आणि "चल, ठेवते" म्हणून ती ठेवणार. स्पीकरवर बोल म्हटलं तर, "सगळ्या बिल्डिंगला ऐकवू का?" मेसेज कर म्हटलं तर, "मेसेजवरून तू जेवलास की नाही ते कळत नाही. ते आवाजावरून कळतं." शेवटी मीच तिला शब्द देऊन बसलो होतो की तुझा भुंगा मी घालवतो.

आज शेवटचा दिवस. सहाच्या आत नियम मंजूर झाला तर ठीक. नाहीतर मंजुरीची पुढची बैठक चार वर्षांनी. सहाला दुभाषे उठतात, आणि दुभाषे उठले की सत्तेचाळीस देश एकमेकांसाठी मुके.

पाच वाजता चमत्कार झाला. स्वल्पविराम काढून तिथे "आणि" घालायचं ठरलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी आनंदाने दोन्ही हात फेकले आणि माझा भरलेला चहाचा कप शेजारच्या आजोबांच्या पाटीवर उलटा झाला.

आजोबा म्हणजे एका छोट्या देशाचे प्रतिनिधी. वयाने सगळ्यांत मोठे, स्वभावाने सगळ्यांत गरीब. "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी पाटी पुसली, वाळावी म्हणून टेबलावर उभी करून ठेवली आणि हात धुवायला बाहेर गेले.

पाच वीसला अध्यक्षबाईंनी लाकडी हातोडा उचलला. "कोणाची हरकत नसेल तर..." आणि हातोडा हवेतच थांबला. "एक पाटी उभी आहे."

"बाई, ती वाळत घातलीय!" मी ओरडलो. "चहा माझाच होता!"

बाईंनी शेजारी बसलेल्या नियमवाल्या काकांकडे बघितलं. काकांच्या मांडीवर कायम जाडजूड नियमावली असायची. त्यांनी शांतपणे पान उलटलं. "पाटी उभी म्हणजे बोलायची मागणी. ती का उभी आहे हे विचारायची तरतूद नाही."

"मग मी आडवी करतो."

"दुसऱ्या देशाच्या पाटीला हात?" काकांचा चष्मा नाकावर घसरला. "अहो, काय बोलताय!"

"आपोआप पडली तर?" मागून मिशावाल्यांनी विचारलं.

काकांनी तीन पानं चाळली. "पडली तर चालेल. पाडलेली चालणार नाही."

यानंतर जे झालं त्याला मी आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतो. अकरा महिने न बोललेले मिशावाले आणि सहा फुटी, दोघं मिळून खिडकी उघडायला धावले. वारा आला. कागद उडाले, एका बाईंचा स्कार्फ उडाला, पाटी जागची हलली नाही. चार देशांचे लोक टेबलाजवळून मुद्दाम पाय आपटत गेले. एक गृहस्थ तर पाटीच्या तोंडाशी जाऊन तीनदा शिंकले. तिसरी शिंक अगदीच खोटी होती, पण काकांनी ती चालवून घेतली.

"ही पडत कशी नाही?" सहा फुटी घाम पुसत म्हणाले.

मी वाकून बघितलं. पाटीचा तळ टेबलावरच्या कापडाला घट्ट चिकटला होता. "चहात साखर होती."

"किती?"

"तीन चमचे."

"तीन?" मिशावाले म्हणाले. "मग झालं. सिमेंट केलंत तुम्ही."

पाच पस्तीस. आता आजोबांना शोधायलाच हवं होतं. फोन लावला, वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. बाथरूम बघितलं, जिना बघितला, लिफ्टमध्ये डोकावलो. रखवालदार म्हणाला, "बाहेर तर कोणी गेलं नाही साहेब." आईला द्यायचं उत्तर मी मनात जुळवायला लागलो. चार वर्षं म्हणजे ती ब्याऐंशीची.

तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. आजोबांच्याही कानात मशीन आहे! सत्तेचाळीस फोनांनी भरलेल्या हॉलमध्ये त्यांचा भुंगा एवढा चेकाळायचा, की बऱ्याचदा ते मशीन काढून खिशातच टाकायचे. त्यांना फोन ऐकू येणारच कसा? ज्या रोगावर सात वर्षं औषध करत होतो, तोच रोग औषधाच्या आडवा आला होता.

परत येताना शेजारच्या हॉलच्या काचेतून सहज आत बघितलं. त्या इमारतीतले सगळे हॉल सारखे. तेच टेबल, तीच खुर्ची, आणि देशांच्या पाट्याही प्रत्येक हॉलमध्ये त्याच क्रमाने. पाचव्या रांगेत, आपल्याच देशाच्या कोरड्या पाटीमागे, आजोबा निवांत बसलेले! तिथे जमिनीखालून न्यायच्या केबलची जाडी ठरत होती. आजोबा दर वाक्याला मान डोलवत होते.

मी वाकून त्यांच्यापर्यंत गेलो आणि दंडाला धरलं. तिथले अध्यक्ष नाराज झाले. "अहो, यांना कुठे नेताय? यांच्यामुळे आज दोन ठराव झाले!"

"आजोबा, चला!"

"हो, हो," आजोबा म्हणाले. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. पुढे त्यांनी सांगितलं, त्यांना वाटलं होतं चहाची सुट्टी झाली.

पाच त्रेपन्नला त्यांना जागेवर आणलं. पाटीकडे बोट दाखवून मी हाताने आडवं-आडवं केलं. त्यांनी ओढली. येईना. दोन्ही हातांनी ओढली. चर्रर आवाज झाला, आणि पाटी टेबलावरच्या कापडाच्या तुकड्यासकट सुटून आली. ती आडवी झाली तेव्हा हॉलभर एवढा मोठा सुस्कारा निघाला की उरलेले कागदही उडाले.

"थांबा," काका म्हणाले. "मागणी झाली आहे. त्यांना बोलू द्यावं लागेल."

पाच छप्पन्न. दुभाषे पिशव्या आवरत होते. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?" आणि त्यांच्यासमोर धरलं. आजोबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, वाचला. मग उठून उभे राहिले. आता यांनी स्वल्पविरामाचा विषय परत काढला तर?

"म्हणायचं एवढंच," आजोबा म्हणाले, "की ज्यांनी चहा सांडला, त्यांनी साखर कमी घ्यावी."

"नोंद घेतली," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि हातोडा आपटला. पाच अठ्ठावन्न.

मिशावाल्यांनी सहा फुटींना मिठी मारली. मी खुर्चीत बसलो तो उठेचना. वाटलं, मीही साखरेने चिकटलो. अधिकृत इतिवृत्तात आजही ते वाक्य आहे: एका प्रतिनिधीने साखरेबाबत सूचना मांडली, समितीने तिची नोंद घेतली.

बाहेरच्या बाकावर बसून घरी फोन लावला. ताईने उचलला.

"ताई, झालं! आईला सांग, झालं!"

ताई आईच्या कानाशी ओरडली. मागून काहीतरी बोलणं ऐकू आलं. "आई विचारतेय, मग भुंगा आजच जाणार का?"

"नवे फोन बाजारात यायला दोन वर्षं लागतील."

परत ओरडणं. "ती म्हणते, दोन ना? थांबते. पण तेव्हा पहिला फोन तूच करायचा, आणि बोलायचंही तूच. ती नुसती ऐकणार."

"चालेल," मी म्हणालो. मग सगळी हकिगत सांगितली. खिडकी, शिंका, केबलवाले, सगळं. ताई हसत हसत एकेक वाक्य आईच्या कानात ओतत होती.

मग आईने फोन हिसकावून घेतला. भुंग्याची किंचाळी मला इकडे ऐकू आली, पण तिने दाद दिली नाही.

"तीन चमचे?" आई कडाडली. "या वयात तीन चमचे साखर घालतोस चहात? तुझ्या वडिलांना काय झालं होतं ते विसरलास? उद्यापासून एक! ऐकतोयस ना? चल, ठेवते."