लाकडाचा दोष

"डावीकडचा दोर स्वल्प ढिला करा साहेब, फळीला वळ उठेल," प्रतापराव म्हणाले.

सबनीस साहेबांनी दोर ढिला केला. मल्लेश्वरमच्या त्यांच्या बंगल्यासमोर लँडमास्टर गाडी उभी होती आणि तिच्या टपावर होडी पालथी घातली होती. साहेब तिला 'कनू' म्हणत. विलायतेत शिकायला असताना असल्या होडीतून शनिवार-रविवार नदीकाठी तंबू ठोकायला ते जात असत. इथे आल्यावरही ते वेड गेलं नव्हतं. होडी पंधरा फूट लांब, दोन्ही टोकांना निमुळती, दोघांनी सहज उचलावी इतकी हलकी होती. साहेबांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं होतं. ते बघून पाच महिने दर रविवारी गॅरेजात बसून प्रतापरावांनी ती घडवली होती.

कशाच्या आशेनं घडवली, ते दोघांनाही ठाऊक होतं. प्रतापरावांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी बेंगळूरला आलं, हे त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड. बापजाद्यांचं सुतारकाम मात्र त्यांच्या हातात पुरतं उतरलं होतं. विमानांच्या कारखान्यात लाकडी पंखांची ग्लायडरं होत होती तोवर त्या हाताला मान होता. मग लाकूड गेलं, पत्रा आला. लाकूडकामाचा विभाग मोडला आणि वीस वर्षं रंधा चालवलेले प्रतापराव सुटे भाग पाठवायची खोकी ठोकायला बसले. दिवसभर खिळे मारायचे, दुसरं काही नाही. चांगलं काम आता उरलं होतं ते फक्त नमुनाघरात, जिथे नव्या भागांचे लाकडी नमुने घडत. तिथे तीन सुतार होते आणि त्यांतला एक दिवाळीला निवृत्त होणार होता. त्याच्या जागी कुणाला घ्यायचं, ते सबनीस साहेब ठरवणार होते.

वसुमतीबाई कुत्र्याला घेऊन बाहेर आल्या. लांब कानांचं तपकिरी कुत्रं. एक इंग्रज कुटुंब मायदेशी परतताना पिल्लू मागे ठेवून गेलं होतं. दूध घालायला येणारी गंगव्वा त्या गोलमटोल पिल्लाला बघून 'गुंडू' म्हणाली आणि तेच नाव चिकटलं. घरात दुसरं मूल नव्हतं.

"ह्यांना किती सांगितलं, त्याला नेऊ नका म्हणून," बाई म्हणाल्या. "पण फोटोत कुत्रं पाहिजे! प्रतापराव, ह्यांचं लक्ष नसतं हो. तुम्ही बघाल ना?"

"बघतो की अक्का. काळजी करू नका."

"वसू, आम्ही दोन दिवसांसाठी होसकोट्याला चाललोय, काशीला नाही," साहेब हसून म्हणाले.

आषाढ होता. मागच्या पावसानं होसकोट्याचं तळं अजून भरलेलं होतं, पण वारा असा सुटला होता की तंबूची एक खुंटी ठोकावी तर दुसरी उपटावी. शनिवारी उतरत्या उन्हात होडी पहिल्यांदा पाण्यात गेली. साहेब मागे, प्रतापराव पुढे आणि मध्ये गुंडू. काठाकाठानं अर्धा मैल गेले असतील. प्रतापरावांनी वल्हं थांबवलं आणि खाली हात लावून पाहिला. तळ कोरडा ठणठणीत होता. होडी लाटेवर उचलायची आणि चुळबूळ न करता खाली बसायची. त्यांच्या हातून पंख कितीतरी झाले होते, पण ते उडताना त्यांनी जमिनीवरून पाहिले होते. स्वतः घडवलेल्या वस्तूत बसून जायचं सुख पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मिळत होतं.

"काय प्रतापराव, पास का?" साहेबांनी मागून विचारलं.

"पास साहेब." त्यांनी वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

रविवारी सकाळी वारा दुप्पट झाला. पाण्याला पांढरे तुरे आले. बांधाखाली देवाप्पा नावाचा कोळी आपली टोपलीसारखी गोल होडी पालथी टाकून तिच्या आडोशाला बिडी ओढत बसला होता. आज कुणी पाण्यात जात नाही, असं तो कन्नडमध्ये म्हणाला. प्रतापरावांनी ते साहेबांना सांगितलं.

"त्याच्या टोपलीला जमणार नाही. आपली होडी वेगळी आहे," साहेब म्हणाले. "समोरच्या काठाला जाऊन यायचं. क्लबात सांगून आलोय मी. का, तुम्हाला भरवसा नाही आपल्या कामाचा?"

इथे 'नको' म्हणायचं होतं. वारा प्रतापरावांनाही दिसत होता. पण खरं सांगायचं तर त्यांनाही ती होडी लाटांवर बघायची होती. ते म्हणाले, "कामाचा भरवसा आहे साहेब."

काठ सोडताच गुंडू बिथरला. लाट आली की उठायचा, भुंकायचा, या बाजूचा त्या बाजूला व्हायचा. त्याच्याबरोबर होडीही डुलायची.

"बांधा त्याला," साहेब म्हणाले. "मधल्या पट्टीला. आखूड बांधा."

"साहेब, पाण्यात बांधलेलं जनावर—"

"प्रतापराव, तो आपल्या दोघांना बुडवेल. बांधा म्हणतो ना!"

प्रतापरावांनी बांधलं. सुताराची गाठ, ओढली की आवळत जाणारी.

मध्यावर वारा आडवा आला. तरी होडी तोल सांभाळून चालली होती. प्रतापराव पुढे तोंड करून जोरानं वल्हवत होते, त्यामुळे मागे काय झालं ते त्यांना दिसलं नाही. फक्त "अरे, माझी हॅट!" एवढं ऐकू आलं. होडी एका अंगावर कलली. मागे बसलेल्या साहेबांचं सगळं वजन होडीच्या काठावर आलेलं त्यांना जाणवलं आणि पुढच्या क्षणी डोक्यावर पाणी होतं.

वर आले तेव्हा होडी पालथी तरंगत होती. शेजारी साहेब हातपाय झाडत होते. साहेबांना पोहता येत नाही, हे प्रतापरावांना तेव्हा कळलं. त्यांनी कॉलर धरून साहेबांना ओढलं आणि होडीच्या पाठीवर त्यांचे हात टेकवले.

"धरून ठेवा. मी कुत्रं सोडवतो."

"नको! मला सोडू नका!" साहेबांनी त्यांच्या गळ्याला मिठी मारली.

"साहेब, एक बुडी मारतो अन् येतो. सोडा!"

"मी बुडेन हो, प्रतापराव! नका जाऊ!"

पालथ्या होडीच्या पोटातून नखांचा आवाज येत होता. आतून कुणी घाईघाईनं पत्र्यावर खडू ओढावा तसा. प्रतापरावांनी एक हात आत घालून चाचपडलं. ओलं केसाळ अंग बोटांना लागलं, पण गाठ सापडेना, आणि गळ्यातली मिठी सुटेना. झटकून टाकली असती तर सुटली असती. साहेब बुडाले असते किंवा नसतेही. आवाज आणखी थोडा वेळ येत राहिला. मग नुसत्या लाटा आपटत होत्या.

देवाप्पा आपली टोपली घेऊन आला, तोवर पाव तास गेला होता. त्यानं साहेबांना वर घेतलं आणि होडी दोरानं ओढत काठाला लावली. येता येता लव्हाळ्यात अडकलेली हॅटही त्यानं काढून आणली.

होडी सुलटी केली. पट्टीजवळ गुंडू पडला होता, मान दोराकडे ओढलेली. गाठ आवळून दगड झाली होती. प्रतापरावांनी ती पटाशीनं कापली, कुत्र्याला बाहेर काढून तंबूच्या कापडावर ठेवलं, त्याचे कान सारखे केले. मग त्यांचा हात आपसूक होडीच्या तळावरून फिरला. एक सांधा उघडला नव्हता. एक फळी हलली नव्हती. छातीत काहीतरी अभिमानासारखं वर आलं आणि शेजारी ते कुत्रं बघून त्यांना स्वतःचीच किळस आली.

साहेब घोंगडी पांघरून बराच वेळ बसून होते. मग उठून जवळ आले.

"वसूला काय सांगायचं?"

प्रतापरावांनी कापडाचं टोक कुत्र्यावर ओढलं.

"क्लबातही विचारतील. तळ उघडला, पाणी शिरलं, उलटलो. असं सांगू. पहिलीच होडी, होतं असं. तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही." साहेबांनी होडीकडे पाहिलं. "पण बघायला येतील लोक."

त्यांना काय म्हणायचं आहे, ते प्रतापरावांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"साहेब, तळ शाबूत आहे."

"तेच म्हणतोय मी." साहेबांचा आवाज मऊ होता. "नाहीतर पहिला प्रश्न येईल, कुत्र्याला बांधलं कुणी? गाठ तुमची होती, प्रतापराव. मला ते सगळं वसूसमोर नको आहे. तुमची ती नमुनाघराची गोष्टही माझ्या लक्षात आहे."

वारा चालूच होता. देवाप्पा लांब बसून बघत होता.

प्रतापरावांनी होडी पालथी केली, तळाच्या मधल्या सांध्यावर पटाशी धरली आणि दगडानं घाव घातला. सांधा हलला नाही. दुसरा घाव, तिसरा. त्यांनीच शिजवलेला सरस, त्यांनीच घासून बसवलेल्या कडा. सांधा सुटेना. शेवटी शेजारचं लाकूडच फाटलं, हातभर, कडकड करत. देवाप्पा उठून जवळ आला.

"याकण्णा?" त्यानं विचारलं. "चांगली होडी, का फोडतोस?"

 आता ही फाट खरी वाटावी म्हणून प्रतापराव तिच्या ताज्या कडांना चिखल चोळत होते.

संध्याकाळी मल्लेश्वरमला पोचले. बाई फाटकातच उभ्या होत्या. साहेबांनी गाडीतून उतरता उतरता सगळं सांगून टाकलं. वारा, लाट, उघडलेला तळ, भसकन शिरलेलं पाणी. बाईंनी कापड बाजूला केलं. गुंडूच्या डोक्यावर हात ठेवून त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. टपावरच्या होडीकडे त्यांनी एकदाच पाहिलं. हातभर फाट तिथूनही दिसत होती.

"लाकूडच दगा देऊन गेलं, अक्का," प्रतापराव म्हणाले. त्यांना ते म्हणायला सांगितलं होतं.

"होडी फुटली, उलटली, समजलं," बाई सावकाश म्हणाल्या. "पण ह्याला पोहता येत होतं. सँकी टँकच्या तळ्यात मी टाकलेली काठी तो रोज घेऊन यायचा. तुम्ही दोघं आलात. हा का नाही आला?"

साहेबांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागले. हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. बाईंची बोटं तोवर कुत्र्याच्या गळ्याशी गेली होती. पट्ट्याला दोराचा कापलेला तुकडा तसाच राहिला होता.

"ह्याला बांधलं होतं?"

बाईंनी तो तुकडा बोटांत धरून वर केला.

"कुणी बांधलं?"

"मी बांधलं, अक्का," प्रतापराव म्हणाले.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

प्रतापरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब काच पुसत होते. एक पुसून झाली होती, दुसरी चालू होती. नमुनाघर डोक्यात होतं, की गाठ आपलीच होती हे, की त्या बाईला उरलेलं आयुष्य याच माणसाबरोबर काढायचं आहे हे, प्रतापरावांना पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही.

"कुणी नाही. माझंच चुकलं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. साहेब गडबडीनं म्हणाले, "जाऊ दे वसू. गरीब माणूस आहे. मुद्दाम नाही केलं त्यानं."

"जा तुम्ही आता," बाई प्रतापरावांना म्हणाल्या. "ह्याला पुरायला तुम्ही नको."

अवजारांची पिशवी खांद्याला लावून प्रतापराव बसनाक्यापर्यंत चालत गेले. फाटलेली होडी साहेबांनी पुढच्या आठवड्यात बंबात घालायला माळ्याला देऊन टाकली. कारखान्यातही गोष्ट पसरली. प्रतापरावांची होडी पहिल्याच सहलीत फुटली, आणि साहेबांनी जीव जाता जाता वाचूनसुद्धा त्यांना शब्दानं दुखवलं नाही, अशी.

दिवाळी झाल्यावर नमुनाघराचा हुकूम आला. सगुणाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"इतकं होऊनसुद्धा साहेबांनी मनात ठेवलं नाही बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "देवमाणूस. उद्या त्यांच्या बाईंना नारळ देऊन या."

"सरी, जातो," प्रतापराव म्हणाले. पण गेले नाहीत.

नमुनाघरात काम सुंदर होतं. खिडकीतून उजेड येई, अवजारांना धार असे, लाकूडही निवडक. तपासनीस हयवदन नावाचा धारवाडकडचा तरुण होता. जुन्या सुतारांचं काम तो तपासत नसे. रंध्याखालून आलं की सरळ पुढे पाठवी. पहिल्याच दिवशी प्रतापराव जोडलेला तुकडा घेऊन त्याच्या टेबलासमोर उभे राहिले.

"अण्णा, तुमचं काम मी काय तपासणार?" हयवदन हसला. "ठेवा तिकडे."

"तपासा, साहेब."

"अहो, बघूनच कळतंय, केस जाणार नाही सांध्यात."

"पट्टी लावा. ताण देऊन बघा. मग शिक्का मारा."

हयवदननं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. त्यानं पट्टी लावली, ताण दिला, नोंद केली आणि लाकडावर जांभळा शिक्का उमटवला. प्रतापरावांनी तो तुकडा दोन्ही हातांत घेतला आणि शाई वाळेपर्यंत तिथेच उभं राहून ते त्यावर हळूहळू फुंकर घालत राहिले.