चिंचेची अर्धी गोष्ट

कमलनगरजवळच्या त्या गावात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी बुद्धाच्या मागल्या जन्मांची गोष्ट होई. सांगायचे बुद्धरत्नकाका. त्यांना एक खोड होती. गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटायचं, म्हणजे लोक उद्या झक मारत येतात. या युक्तीचा काकांना भारी तोरा होता.

यंदा विहाराच्या अंगणात पत्र्याचं शेड घालायचं ठरलं आणि काकांच्या बापानं लावलेली चिंच आडवी आली. बैठकीत काका तावातावानं बोलले, पण कुणी दाद दिली नाही. झाड बुधवारी कापायचं ठरलं.  मग काकांनी मनाशी ठरवलं, आता भांडायचं नाही, गोष्ट सांगायची.

सोमवारी सगळं गाव जमलं. झाड बघायला आलेला कटरवाला मल्लेशही मागं टेकून बसला. काका सांगत गेले. राजाला महालासाठी झाड हवं होतं. झाडातली देवता म्हणाली, "राजा, मला बुंध्यातून पाडू नको. आधी शेंडा काप, मग मधलं, मग बुंधा. एकदम पडले तर माझ्या सावलीतली रोपं चेंगरतील." त्याच चिंचेखाली रोपं लावलेली जगदेवी पदरानं डोळे पुसू लागली. ते पाहून काका सुखावले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. राजाचं उत्तर उद्या.

मंगळवारी सकाळी कटरचा आवाज ऐकून काका अनवाणी धावले. चिंचेचा शेंडा उतरला होता. फांद्या दोरानं बांधून एकेक खाली सोडत होते.

"मशीन आजच मोकळी झाली, काका," मल्लेश वरूनच म्हणाला. "तुमी सांगितल्यावानीच करायलोय. आधी शेंडा."

खाली जगदेवी रोपांवर टोपल्या पालथ्या घालत होती. "एक बी रोप चेंगरलं न्हाई, काका," ती अभिमानानं म्हणाली.

"अगं, राजानं ते झाड तोडलंच न्हाई!" काका ओरडले. "ऐकून त्याला लाज वाटली. तो परत गेला!"

कटर थांबला. जगदेवीच्या हातातली टोपली तशीच राहिली.

"मग काल कामून सांगितलं न्हाई, काका?" तिनं विचारलं.

 काका कापलेल्या फांद्यांत मटकन खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडू लागले.