कात्रीचा सहावा भाग

मरायच्या आदल्या दिवशी बाबा स्वयंपाकघराच्या फरशीवर चार वेळा मेले.

चारही वेळा त्यांच्या मनासारखं झालं नाही. पहिल्यांदा पाय उगाच जास्त झाडले गेले. दुसऱ्यांदा डोकं ओट्याच्या कडेला लागलं. तिसऱ्यांदा मेल्यावर शिंक आली. चौथ्यांदा ते बराच वेळ निपचित पडून राहिले, तेव्हा टेबलाशी शब्दकोशाची मुद्रितं तपासत बसलेल्या मुलीने मान वर न करता विचारलं, "झालं का मरून? दूध उतू चाललंय."

"मेलेल्या माणसाला गॅस बंद करायला सांगतेस! धन्य आहे तुझी, विदुषीबाई," असं म्हणत ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

सदुसष्ट वर्षांचा हा माणूस 'कात्री' नावाच्या भयपटांच्या पाचही भागांत खुनी शिंपी होता. पण त्याला कोणी ओळखत नव्हतं. पडद्यावर त्याचं तोंड कायम मांजरपाटाच्या मुखवट्याखाली, गळ्यात मापाची पट्टी, हातात फूटभर लांब कात्री. प्रत्येक बळीला तो एकच वाक्य विचारायचा, "माप घेऊ?", आणि तो आवाजसुद्धा दुसऱ्याच कोणाचा असायचा. नामावलीत त्याच्यापुढे फक्त 'मास्तर' एवढंच लिहिलेलं असे. मुखवट्यामागे कोण आहे हे गुपितच ठेवायचं, असा निर्मात्याचा हट्ट होता. चाहत्यांना माणूस ठाऊक नव्हता. ठाऊक होता तो त्याचा खाली पडलेला डावा खांदा.

पाचवा भाग येऊन अकरा वर्षं झाली होती. आता पुन्हा 'कात्री' येणार म्हटल्यावर चाहत्यांत नुसती जुंपली होती. कोणाला सहावा भाग हवा होता, कोणाला पहिल्या भागाच्या आधीची गोष्ट, कोणाला सगळंच नव्याने पहिल्यापासून. बाबा चष्मा नाकावर सरकवून फोनवर ते सगळं वाचायचे. एखाद्याने आपल्या मुलीसाठी आलेली स्थळं वाचावीत तसे.

"हा बघ काय म्हणतोय. 'मास्तरला बायको दाखवा.' दाखवा म्हणे! पाच भागांत बावन्न माणसं कापली, आता संसार मांडतो."

"हं."

"हा एक शहाणा. 'रक्त कॉम्प्युटरचं नको.' आणि ही पोरगी लिहिते, 'नव्याने करायचं तर करा, पण खांदा तोच हवा.' अगं, लोक नट मागतात, नटी मागतात. माझा खांदा मागतायत!"

"खांदा द्यायलाच असतो, बाबा."

ते मोठ्याने हसले. मग फोन जरा लांब धरून हळू वाचू लागले. "'मुखवट्यामागचा माणूस जिवंत असेल, तर एकदा तरी त्याचं तोंड दाखवा.'" हे त्यांनी दोनदा वाचलं.

शेवटी कंपनीने आधीची गोष्ट करायचं ठरवलं होतं. तरुण शिंप्याच्या भूमिकेत नवा मुलगा, आणि त्याच्या हातून मरणारा पहिला माणूस म्हणजे त्याचाच बाप. तो बाप बाबा करणार होते. मुखवट्याशिवाय. नामावलीत पूर्ण नावासह.

"दहाव्या मिनिटाला मरतो मी," ते म्हणाले. "पण नऊ मिनिटं तोंड दिसेल. उद्या येतेस ना?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. शाळेत असल्यापासून ती सगळ्यांना सांगत आली होती की वडील कापडाच्या धंद्यात आहेत. हे पूर्ण खोटं नाही, असं तिने स्वतःला पटवलं होतं. पुढे ती ज्या लोकांत वावरू लागली, तिथे 'कात्री'चं नाव निघालं की लोक गालात हसत, आणि तीही हसे. पाचांपैकी एकही भाग तिने पाहिला नव्हता.

"येईन. पण तुमची मुलगी म्हणून नाही."

"मग कोण म्हणून?"

"कोणीही. ओळखीची म्हणून."

ते थोडा वेळ दूध ढवळत राहिले. वर साय नव्हती, तरी चमच्याने कडेला सारल्यासारखं केलं. "बरं," ते म्हणाले. "ओळखीची तर आहेसच."

तिला अवघडल्यासारखं झालं, म्हणून तिने विषय बदलला. "नव्या लोकांना तुमचा शब्द सांगितलाय ना?"

त्या शब्दाची गोष्ट अशी होती. पहिल्या भागाच्या वेळी एक नट खड्ड्यात पडून त्याचा पाय मोडला. तो "वाचवा, वाचवा" ओरडत राहिला आणि दोन मिनिटं सगळे कौतुकाने पाहत राहिले, कारण त्याच्या कागदावरही 'वाचवा'च लिहिलेलं होतं. थांबा, नको, मेलो, हे सगळे शब्द त्या सिनेमात संवाद म्हणून खर्ची पडलेले. तेव्हा त्यांनी खरोखर थांबवायचं असेल तर म्हणायचा एक शब्द ठरवला: चहा. मरणारं माणूस चहा मागत नाही. 'चहा' ऐकलं की हात जिथे असेल तिथे थांबायचा. हा शब्द घरीही आला. लहानपणी बाबा गुदगुल्या करत तेव्हा ती हसून हसून डोळ्यांत पाणी आल्यावर "चहा! चहा!" म्हणून किंचाळायची, आणि ते तिथल्या तिथे दगडासारखे थांबायचे.

"अगं, चहा काय सांगावा लागतो?" बाबा म्हणाले. "शूटिंगमध्ये सगळ्यांनाच ठाऊक असतो."

पाचही भागांत त्यांचे सहकारी तेच होते. आपल्या घरचा शब्द म्हणजे सगळ्या जगाची भाषा, असं त्यांना वाटत होतं. समोर शब्दकोशाची मुद्रितं घेऊन बसलेल्या बाईच्याही ते ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका रिकाम्या गोदामात शिंप्याचं दुकान उभं होतं. पायाचं मशीन, कापडाचे तागे, इस्त्री, खडूचे तुकडे. दिग्दर्शिका तिशीतली होती. आईवडिलांची नजर चुकवून 'कात्री' पाहत मोठी झालेली. नवा शिंपी व्यायाम केलेला, अदबीचा मुलगा.

"सर, खांदा कसा पाडायचा?"

बाबांनी त्याचा डावा खांदा हाताने दाबून खाली नेला. "असा. जन्मभर तागे वाहिलेत या खांद्यावर. पाडायचा नाही, पडू द्यायचा."

ती दिग्दर्शिकेच्या मागे खुर्चीवर बसली. शेजारी कपडे सांभाळणारी बाई होती. "तुम्ही मास्तरांच्या कोण?" तिने सहज विचारलं.

"कोणी नाही. ओळखीची."

प्रसंग तीन वारांचा होता. पहिला गळ्याखालच्या हाडाशी, दुसरा पोटात, तिसरा मानेत. कात्रीचं पातं दाबलं की मुठीत सरकायचं आणि शर्टाखालच्या खोट्या रक्ताच्या पिशव्या फुटायच्या. सकाळपासून चार वेळा ते बिनचूक सरकलं होतं.

पाचव्या वेळी कॅमेरा चालू झाला. मुखवटा घातलेला मुलगा पुढे आला. "माप घेऊ, बाबा?" म्हणाला, आणि त्याने पहिला वार केला.

पातं मुठीत सरकलं नाही. ते बाबांच्यात सरकलं.

ओला जाड कपडा कापावा तसा आवाज झाला. पिशवी फुटली, पातळ तांबडं रक्त शर्टावर पसरलं, आणि त्याच्या मधोमध दुसरं रक्त आलं, गडद, उसळ्या मारत. बाबांनी त्या मुलाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. तालमीत तसं नव्हतं. ते त्याच्या डोळ्यांत पाहून, सहकाऱ्याला सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "चहा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. दिग्दर्शिकेने हसू दाबायला तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने खूण केली, चालू द्या. म्हातारा रंगात आलाय, असं त्या मुलाला वाटलं असणार. त्याने जोर लावून मनगट सोडवलं, कात्री उपसली. तिच्यामागोमाग रक्ताची चिळकांडी मशीनच्या चाकावर, तिथून वर दिव्याच्या काचेवर गेली आणि तिथे चरचरली. पिशवीतलं रक्त एवढं उंच उडत नाही.

मुलीला कळलं होतं. पहिल्याच 'चहा'ला कळलं होतं. आता उठायचं आणि ओरडायचं, एवढंच करायचं होतं. पण काय ओरडायचं? तोंडात एकच हाक येत होती, आणि शेजारी ती बाई बसली होती. थांबतील आता, असं तिला वाटलं. एवढी माणसं आहेत, थांबतीलच.

दुसरा वार पोटात गेला. मुलाने कागदावर लिहिल्याप्रमाणे कात्री फिरवली. बाबा वाकले आणि आता खरोखर ओरडले, "चहा!" त्यांच्या बोटांमधून काहीतरी बाहेर येत होतं आणि ते ते आत ढकलायला पाहत होते. तिसरा वार मानेत. या वेळी शब्द पूर्ण आलाच नाही. नुसता 'च' आला, तोही फेसात. ते तागे ओढत खाली पडले. टाचा फरशीवर आपटत राहिल्या, आधी भराभर, मग थांबून थांबून.

"कट!"

टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी वाजवल्या, अगदी मनापासून. तो मुलगा मुखवट्यातूनच हसत खाली वाकला. "सर, झालं. उठा, सर." मग त्याने आपल्या हातांकडे पाहिलं आणि किंचाळू लागला.

कंपनीने चौकशी केली. स्प्रिंग अडकली, अपघात झाला. मृताने थांबवण्याची कोणतीही सूचना दिली नव्हती. उपस्थितांपैकी कोणालाही काही कळणं शक्य नव्हतं. त्या कागदावर वारस म्हणून तिची सही घेतली. तिने वाक्य नीट वाचलं, एका ठिकाणी चुकलेली वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली.

महिन्याभरात ते चित्रण कोणीतरी बाहेर फोडलं. पहिल्या वारापासून टाळ्यांपर्यंत एकोणीस सेकंद. चाहत्यांनी ते डोक्यावर घेतलं. मरतानाही विनोद सोडला नाही, याला म्हणतात मास्तर! चहाच्या कपात कात्री, अशी चित्रं निघाली. बनियनवर अक्षरं आली: 'आम्ही चहाते'. आणि मागणी सुरू झाली की हा प्रसंग सिनेमात घ्याच. कंपनीला वारसाची परवानगी हवी होती. ती मिळवून द्यायचं काम चाहत्यांच्या मंडळाने अंगावर घेतलं.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. एका रविवारी दुपारी ते तिला एका जुन्या सभागृहात घेऊन गेले. तीनेकशे माणसं जमली होती, म्हातारी, तरुण, एकजण तर कडेवर मूल घेऊन. प्रत्येकाच्या गळ्यात मापाची पट्टी. ती आत शिरली तसे सगळे उठून उभे राहिले.

"बसा, ताई," डॉक्टर म्हणाले. "ही भुतावळ दिसते तशी नाही. मी दिवसभर लोकांना रडवतो आणि सुट्टीत इथे येऊन स्वतः घाबरतो. आमचं सगळ्यांचं असंच आहे." लोक हसले. मग त्यांचा आवाज बदलला. "अकरा वर्षं आम्ही भांडतोय. सहावा भाग हवा, आधीची गोष्ट हवी, नव्याने करा. खरं सांगू? आम्हाला तो माणूस बघायचा होता. आता त्याचं तोंड असलेला एकच प्रसंग जगात आहे. तोही तुम्ही नको म्हणालात, तर तो कधी दिसलाच नाही असं होईल."

"काय जीव ओतलाय हो त्यांनी!" मागून एक बाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

हे सगळं खरं होतं. बाबांना तोंड दाखवायचं होतं. तिला क्षणभर वाटलं, देऊन टाकावी परवानगी.

तेवढ्यात दिवे मंद झाले. कोणीतरी आदरांजली म्हणून ते चित्रण पडद्यावर लावलं होतं. भिंतीएवढे बाबा. पहिला वार. भिंतीएवढं रक्त. आणि पडद्यावरचे ओठ हलले तसं तीनशे माणसांनी एका सुरात, लाडाने, हसत म्हटलं, "चहा!"

"बंद करा," ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही. ती खुर्ची पाडून उठली. "बंद करा!"

चित्र गोठलं. दोन्ही हातांनी मनगट धरलेले बाबा. तिने डॉक्टरांच्या हातून माईक घेतला.

"तो विनोद नाही. या सिनेमात पहिल्या भागापासून 'चहा' म्हणजे थांबा. खरंच काही झालं तर म्हणायचा शब्द. त्यांनी तो पहिल्याच वाराला म्हटला. त्यांच्याकडून सूचना द्यायची राहिली नाही. ते मरत होते आणि नियमाप्रमाणे सांगत होते."

कडेवरचं मूल तेवढं कुरकुरलं. "आईशप्पथ," कोणीतरी हळूच म्हणालं. एका मुलाने बनियनवरची अक्षरं हाताने झाकली.

"पण ताई," डॉक्टर चाचरत म्हणाले, "तिथे कोणालाच ते माहीत नव्हतं ना? कंपनीचा कागद..."

इथे तिला थांबता आलं असतं. बाबांचं नाव धुऊन निघालं होतं. पण तो कागद तिच्या सहीचा होता.

"मला माहीत होतं. मी समोर बसले होते. पहिल्या वारानंतर अजून दोन झाले."

"मग तुम्ही..."

"उठले नाही. उठले असते तर 'बाबा' म्हणून ओरडावं लागलं असतं. मी सगळ्यांना सांगितलं होतं की मी त्यांची कोणी नाही."

तिने माईक टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे वळली. बाबांचं तोंड तिच्या डोक्याच्या वर, हाताच्या अंतरावर होतं.

"मला तुमची लाज वाटायची, बाबा."