क्लेमची बाटली

टिट्-टिट्-टिट्-टिट्.

फ्रिजच्या दाराला चिकटलेलं घड्याळ ओरडायला लागलं आणि स्वयंपाकघरातली शांतता दचकून उठली. टॅम्सिनही दचकली. हे चुंबकाचं इवलंसं घड्याळ तिने कधीतरी प्रयोगशाळेतून उचलून आणलं होतं. तिकडे पेशींना औषध घातलं की असली घड्याळं लावायची, इकडे अंडं उकडायला.

"मम, अंडं कडक झालं," पर्ल म्हणाली. टोस्टच्या पट्टीने ती अंड्यात टोचून बघत होती. "मला वाहतं पिवळं पाहिजे होतं. घड्याळ कधीचं वाजतंय. तू नुसती बघत बसलीस."

"कुठे बघत होते मी?"

"माझ्याकडे."

खरं होतं ते. गुरुवारपासून असंच चाललं होतं. पर्लच्या मानेवरची लव, झोपेत उघडं राहिलेलं तोंड, बुटात न शिरणारी टाच, काहीही दिसलं की टॅम्सिनची नजर तिथेच अडकायची. गुरुवारी अहवाल आला होता. त्यात एक ओळ होती: स्त्री, वय चार वर्षे. पर्लला पाच पूर्ण व्हायला सात आठवडे बाकी होते.

टॅम्सिन हॅलेट मेलबर्नमधल्या एका संशोधन संस्थेत कामाला होती. काम सांगायला सोपं होतं. अंगातल्या प्रत्येक पेशीला मरता येतं. ती बिघडली, नको झाली की आतूनच हुकूम सुटतो. पेशी आक्रसते, स्वतःची लहान लहान गाठोडी बांधते आणि शेजारच्या पेशी ती गिळून टाकतात. मागे डागसुद्धा राहत नाही. कॅन्सरची पेशी हे मरणं विसरते. तिला त्याची आठवण करून देणारं औषध शोधायचं, एवढंच काम. आणि त्या औषधाला अजिबात न बधणाऱ्या पेशी म्हणून टॅम्सिनच्या प्रयोगशाळेत एकच बाटली प्रसिद्ध होती. क्लेमची.

क्लेम बॅस्कूम हा खाडीपलीकडच्या पोर्टआर्लिंग्टन गावचा. खाडीत दोर सोडून काळ्या शिंपल्या वाढवायचा. नऊ वर्षांपूर्वी रक्ताच्या कॅन्सरने तो शेवटच्या आठवड्यात पोचला, तेव्हा त्याने संशोधनाला रक्त दिलं. "घ्या की, मला आता कुठे लागणारेय," असं म्हणून हसला होता. टॅम्सिन तेव्हा नवशिकी होती. त्या रक्तातल्या पेशी तिनेच बाटलीत घातल्या. तीन दिवसांत त्यांनी माना टाकल्या. लांबलचक सुट्टी आली, टॅम्सिन घरी गेली, आणि परत येऊन बघते तर बाटली गच्च! चमकत्या, गोल, दिवसागणिक दुप्पट होणाऱ्या पेशी. ती तिथेच उभ्या उभ्या रडली आणि तिने क्लेमच्या बायकोला फोन लावला.

"नेरिडा, क्लेमच्या पेशी जगल्या!"

आदल्या दिवशीच क्लेमचा अंत्यविधी झाला होता. हा फोन कर असं टॅम्सिनला कुणीही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून दर जूनमध्ये, क्लेमच्या वाढदिवसाच्या आठवड्यातल्या शनिवारी नेरिडा बोटीने शहरात यायची. हातात जेली स्लाइसच्या गोड वड्यांचा डबा. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या छोट्या खोलीत टॅम्सिन बाटली आणून मायक्रोस्कोपखाली ठेवायची. नेरिडा वाकून म्हणायची, "हॅलो, म्हाताऱ्या. अजून मरायचं नाव नाही ना?" मग त्याला वर्षभराच्या बातम्या सांगायची.

यंदा एका मासिकाने शोधनिबंध छापण्याआधी पुरावा मागितला: ह्या पेशी ज्याच्या म्हणता त्याच्याच कशावरून? डीएनए तपासला. पेशी पुरुषाच्या नव्हत्याच. जगभरच्या प्रयोगशाळांत साठ वर्षं वाढवल्या जाणाऱ्या एका जुन्या वाणाशी त्या तंतोतंत जुळत होत्या. यादीत त्या वाणापुढे एक क्रमांक होता, आजार होता, आणि ती ओळ. नाव नव्हतं. तोच वाण तेव्हा टॅम्सिनच्या टेबलावर, क्लेमच्या बाटलीशेजारी असायचा. दोघांना खाऊ घालायचं गुलाबी पाणीही एकाच बाटलीतलं. एक थेंब इकडचा तिकडे गेला असणार. थकलेला हात, एक थेंब. क्लेमच्या पेशी तर सुट्टीतच संपल्या होत्या. त्यांच्या रिकाम्या घरात कुणी दुसरीच येऊन राहिली होती.

शुक्रवारी ती हॅमिशकडे गेली. हॅमिश प्रयोगशाळेचा प्रमुख, साठीला आलेला, रागवायचं असलं की चष्मा पुसणारा. त्याने चष्मा बराच वेळ पुसला.

"निबंध मागे घेतो. ज्यांना कळवायचं त्या सगळ्यांना कळवतो. ते माझ्यावर सोड," तो म्हणाला. "सोमवारी सगळ्या बाटल्या ब्लीचमध्ये. पण त्या बाईला कशाला सांगतेस? एकोणऐंशी वर्षांची आहे. वर्षातून एकदा येते, दोन मिनिटं बघते, खूश होऊन जाते. उद्या नेहमीसारखं दाखव."

"आणि पुढच्या जूनमध्ये काय दाखवू?"

"कुठलीही बाटली दाखव, टॅम. पेशीला काय चेहरा असतो?"

रात्रपाळी करून आलेला नवरा झोपला होता, म्हणून शनिवारी नाश्ता झाल्यावर पर्लला बरोबर घ्यावं लागलं. तिला पाहुण्यांच्या खोलीत रंगाच्या खडूंसोबत बसवून टॅम्सिन एकटी आत गेली.

सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत माणसं नसतात, फक्त यंत्रं घुमत असतात. पेशींच्या उबदार कपाटात रात्रंदिवस सदतीस अंश असतं, माणसाच्या अंगाइतकं. नऊ वर्षं त्याचं दार उघडताना टॅम्सिन "मॉर्निंग, क्लेम" म्हणत आली होती. आजही ओठ तसेच हलले आणि मध्येच थांबले. दाराच्या पलीकडे कुणीतरी श्वास धरून उभं आहे असं तिला वाटलं. उंचीने फार नव्हे, तिच्या कमरेएवढं. नऊ वर्षं दुसऱ्याच्या नावाने हाक ऐकत राहिलेलं.

तिने दार उघडलं. बाटली हातात घेतली. ताप उतरल्यावर पर्लचा तळवा लागतो तशी ती कोमट लागली.

परत आली तर नेरिडा येऊन बसलीसुद्धा होती. ओला रेनकोट खुर्चीवर, डबा उघडा, आणि पर्लच्या ओठांवर लाल जेली.

"ही तुझीच ना, पोरी? विचारायच्या आत दोन खाल्ल्या. तुझ्यासारखी भिडस्त नाही, बरंय!"

"तू खूप म्हातारी आहेस का?" पर्लने विचारलं.

"भयंकर! आज बोट अशी हलत होती, वाटलं आता माशांच्या पोटातच जाते. मग म्हटलं, मला चावणार कोण, दात तुटतील त्यांचे."

पर्ल खिदळली. टॅम्सिनला हसता आलं नाही. तिने बाटली मायक्रोस्कोपखाली ठेवली. तोंड उघडलं तोवर नेरिडाने चष्मा काढून डोळे टेकवलेही होते.

"हॅलो, म्हाताऱ्या. अजून मरायचं नाव नाही ना?" ती म्हणाली. "ऐक. तुझी बोट विकली. तुझ्या पुतण्याला नाही दिली, तो बुडवेल. खुबा नवा बसवलाय, तुझ्यापेक्षा बरा चालतो." मग जरा थांबून, डोळे न काढता, ती टॅम्सिनशी बोलायला लागली. "पोरी, त्याची राख अजून माझ्या कपड्यांच्या कपाटात आहे. खाडीत सोड म्हणाला होता. पण इथे अर्धा जिवंत असताना तिकडे अर्धा सोडायचा, हे बरं नाही ना दिसत? आता माझंही काही खरं नाही. मी गेल्यावर ह्याला बघायला कोण येणार? तू येशील? वर्षातून एकदा हॅलो म्हणायचं, बस. शब्द दे मला."

हो म्हणणं किती सोपं होतं. खोलीत जेलीचा आणि ओल्या रेनकोटचा वास होता. पर्ल जमिनीवर बसून निळ्या खडूने काहीतरी गिरवत होती.

"नेरिडा," टॅम्सिन म्हणाली. "तो क्लेम नाही."

"काय?"

"ह्या क्लेमच्या पेशी नाहीत. कधीच नव्हत्या. चूक झाली. माझ्या हातून झाली, अगदी सुरुवातीला. गुरुवारी कळलं."

नेरिडाने मान वर केली. चष्म्याशिवाय तिचे डोळे फार लहान, फार उघडे दिसत होते. ती आधी हसली, जोक असेल तर वेळेवर हसलेलं बरं अशा बेताने. मग हसू तसंच तोंडावर विसरून गेली.

"मग त्याच्या कुठे आहेत?"

"नाहीत. मेल्या."

"कधी?"

"तीन दिवसांत. फार तर चार." टॅम्सिनला थांबता येईना. "त्या अंगात असताना मरत नाहीत, पण बाहेर काढल्या की टिकत नाहीत. अंगात शेजारच्या पेशी त्यांना सारखं जग, जग म्हणत असतात. बाटलीत ते म्हणणारं कुणी नसतं."

नेरिडाने डब्याचं झाकण उचललं, लावायला गेली, ते तिरकं बसलं. तिने पुन्हा काढलं.

"त्याला एकट्याला झोप यायची नाही," ती म्हणाली. "जिलाँगच्या हॉस्पिटलात मी दोन रात्री नव्हते, तर नर्सला म्हणाला, जरा खुर्ची ओढून बस, बोलू नकोस, नुसती बस." तिचा आवाज एकदम चढला. "आणि मी नऊ वर्षं इथे येऊन बडबड केली! बहिणीलासुद्धा सांगितलं नाही ते ह्या भोकात तोंड घालून सांगितलं! तू मागे उभी राहून ऐकत होतीस. कुणाला सांगत होते गं मी?"

"मला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे ना? मग सांग. कोण आहे ते?"

टॅम्सिनने आवाज खाली आणला, पण खोली लहान होती. "एक मुलगी. साठ वर्षांपूर्वी गेली. चार वर्षांची होती."

"नाव?"

"लिहिलेलं नाही."

बाहेर ट्रॅम घंटा वाजवत गेली. नेरिडाने बाटलीकडे बघितलं, मायक्रोस्कोपातून नव्हे, नुसतंच. तळाशी बोटभर गुलाबी पाणी. मग ती पुन्हा वाकली. ह्या वेळी हॅलो म्हणाली नाही. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून, सावकाश, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने तिने डोळे टेकवले.

"थरथरतायत," ती कुजबुजली. "नेहमीच थरथरायच्या. मला वाटायचं, हसतोय." मग म्हणाली, "मी तिला म्हातारा म्हणत होते."

टॅम्सिनने तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि परत घेतला. तो हक्क आता आपल्याला राहिला नाही असं तिला वाटलं.

"राख मी सोडते आता," नेरिडा मायक्रोस्कोपातच बोलली. "वारा पडला की सोडते. तुला बोलवेन की नाही, आज नाही सांगत." मग तिने विचारलं, "हिचं काय करणार?"

"सोमवारी बाटल्या ब्लीचमध्ये ओतायच्या आहेत. इथल्या. बाकी ठिकाणी आहेच ती. जगभर." आहेच ती, असं आपण म्हणालो हे बोलून झाल्यावर टॅम्सिनच्या लक्षात आलं. साठ वर्षांत किती बाटल्या भरल्या असतील. सगळ्या एकत्र केल्या तर एका मुलीच्या अंगात मावायच्या नाहीत.

"मीपण चार वर्षांची आहे," पर्ल म्हणाली.

दोघींनी वळून बघितलं. पर्ल उभी होती, निळा खडू मुठीत. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे. टाचा उंचावून तिने टेबलावरच्या बाटलीशी डोळे आणले. तिचा श्वास बाटलीवर उमटला आणि विरून गेला.

"मम, तू तिला सोमवारी ओतून टाकणार?"

"पर्ल, ती मुलगी नाहीये त्यात. नुसत्या पेशी आहेत."

पर्लने ते ऐकून घेतलं. बाटलीला तिने एक बोट लावलं, जरा वेळ तसंच ठेवलं. मग आईकडे बघितलं.

"तिच्या ममला विचारलंत तुम्ही?"